जयपूरची दक्षिण कोणती?

काट्यांच्या घड्याळावरून दिशा कशी ओळखावी, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. घड्याळ तळहातावर आडवे धरायचे. तासकाटा सूर्याच्या बाजूला वळवायचा. मग तासकाटा आणि १२ चा आकडा यांच्यामधल्या कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेषा मनात काढायची. ती रेषा दक्षिण दाखवते. शिबिरात, सहलीत हा नियम हमखास सांगितला जातो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि गेली अठरा वर्षे दर वर्षी नव्या मुलांना मोठ्या उत्साहाने तो सांगत आलो होतो.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या महाविद्यालयातील सात-आठ मुलेमुली सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावर भटकायला गेली. दुपारी चारच्या सुमारास वाट चुकली. कोणाला तरी सरांचा नियम आठवला. घड्याळ काढून त्यांनी दक्षिण ठरवली आणि त्या दिशेने चालू लागली. जायचे होते पठाराच्या कडेने दक्षिणेकडच्या वाडीत. ती उतरली कोकणाच्या बाजूच्या एका घळीत. रात्री नऊनंतर एका घराचा दिवा दिसला म्हणून बरे. परत आल्यावर मुलांनी मला हकीकत सांगितली. मी म्हणालो, ‘घड्याळ नीट धरले नसेल तुम्ही.’ मुले गप्प बसली.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. ती आठवली गेल्या फेब्रुवारीत, जयपूरमध्ये.

प्रात्यक्षिक परीक्षांविषयीच्या दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी मी तेथे गेलो होतो. शहर पूर्वी कधी पाहिले नव्हते. पहिल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वेळ मोकळा होता आणि दुसऱ्या दिवशी साडेदहा ते दोन. एवढ्यात शहर पाहायचे. फोनवर नकाशा असतो हे खरे. पण नकाशाकडे मान घालून हिंडलेले गाव माझ्या तरी डोक्यात राहत नाही. म्हणून फोन खिशात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळावर भिस्त ठेवून निघालो.

अनोळखी माणसाला जयपूरसारखे सोपे शहर नाही. सवाई जयसिंग यांनी १७२७ साली ते वसवले. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. सारे शहर आधी कागदावर काढून मग बांधलेले. नऊ मोठे चौकोन, त्यांना ‘चौकडी’ म्हणतात. त्यांच्यामधून एकमेकांना काटकोनात छेदणारे रुंद, सरळ रस्ते. पूर्वेला सूरजपोल, पश्चिमेला चांदपोल, आणि या दोन वेशींना जोडणारा एक लांबच लांब रस्ता. रस्ते एकमेकांना मिळतात तेथे चौपड, म्हणजे मोठा चौक. आपल्याकडच्या जुन्या पेठांत तीन वळणांनंतर माणूस आपण आलो कोठून हे विसरतो. येथे विसरायची सोयच नाही. आणि तरीही मी बडी चौपडीवर उभा राहून गोंधळलो.

घड्याळात नऊ वाजले होते. फूलवाल्यांच्या टोपल्या नुकत्याच उघडत होत्या, दुकानांच्या फळ्या अजून बंद होत्या. येथून जौहरी बाजाराचा रस्ता दक्षिणेला सांगानेरी दरवाजाकडे जातो, एवढे मी वाचलेले होते. सहज गंमत म्हणून घड्याळ आडवे धरले, तासकाटा सूर्याकडे वळवला. काटा ९ वर, म्हणून दुभाजक रेषा साडेदहाच्या खुणेवरून गेली. ही दक्षिण. पण जौहरी बाजार त्या दिशेला नव्हताच! तो साडेअकराच्या खुणेकडे निघाला होता. घड्याळाच्या तबकडीवर एका तासाचे अंतर म्हणजे ३० अंश. थोडाथोडका फरक नव्हे.

शेजारच्या चहावाल्याला विचारले, ‘भैया, दक्षिण किधर है?’

त्याने किटली खाली न ठेवताच हनुवटीने रस्त्याकडे दाखवले. ‘ये रही, बाबूजी. सीधा सांगानेरी गेट.’

आता खरे कोण? विद्याधरांचा रस्ता, की माझे घड्याळ? प्रामाणिकपणे सांगतो, मला वाटले रस्ताच चुकला असणार. तीनशे वर्षांपूर्वीची मोजणी! हा विचार मनात आला आणि लगेच त्याची लाजही वाटली. ज्या राजाने वेधशाळा बांधल्या, त्याला आपल्या राजधानीची दक्षिण ठाऊक नसावी?

दुसऱ्या दिवशी मिळालेला वेळ त्यामुळे मी हवामहालाला दिला नाही. बाहेरूनच नमस्कार करून थेट जंतर मंतर गाठले.

जयसिंगांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनच्या वेधशाळेचा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला. जयपूरची सर्वांत मोठी. १७३४ च्या सुमारास ती उभी राहिली, आणि २०१० साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते, अशी जयसिंगांची तक्रार होती. म्हणून त्यांनी यंत्रे दगडचुन्याची आणि प्रचंड आकाराची केली.

त्यांतले सर्वांत मोठे सम्राट यंत्र. पहिल्या नजरेला ते यंत्र वाटतच नाही. आकाशाकडे जाणारा आणि मध्येच संपलेला जिना वाटतो. २७ मीटर उंचीची एक त्रिकोणी भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या वर वळलेल्या दोन संगमरवरी कमानी. भिंतीची तिरपी कड जमिनीशी सुमारे २७ अंशांचा कोन करते. हा आकडा कोठला? जयपूरचे अक्षांश २६ अंश ५५ मिनिटे. म्हणजे ती कड बरोबर ध्रुवाकडे रोखलेली आहे, पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. आणि त्या कमानी विषुववृत्ताच्या प्रतलाला समांतर, म्हणून जमिनीशी तिरप्या. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि हळूहळू खाली सरकते. दुपारनंतर ती पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. कमानींवर वेळेच्या खुणा कोरल्या आहेत. थोडक्यात, ही एक भली मोठी छायाघटिका.

‘हळूहळू’ हा शब्द मात्र चुकला. कमानीची त्रिज्या सुमारे १५ मीटर. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. गणित करून पाहा: सावली तासाला जवळजवळ ४ मीटर, मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटरहून थोडी अधिक चालते. डोळ्यांना चालताना दिसते! पृथ्वी फिरते हे आपण पाठ करतो. येथे ती फिरताना पाहता येते. या यंत्रावरची सर्वांत लहान खूण २ सेकंदांची आहे.

येथे थोडे थांबू या, कारण या दोन सेकंदांत एक मौजेची अडचण दडली आहे. सूर्य हा बिंदू नव्हे. आपल्याला तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी म्हणून दिसतो. म्हणून कोणत्याही सावलीची कड रेघेसारखी तीक्ष्ण नसते. पूर्ण काळोखापासून पूर्ण उजेडापर्यंत एक धूसर पट्टा असतो. त्याला उपच्छाया म्हणतात. पंधरा मीटर अंतरावर हा पट्टा जवळजवळ १४ सेंटिमीटर रुंद होतो. सावलीला एवढे अंतर चालायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. मग दोन सेकंद वाचायचे कसे? यंत्र आणखी मोठे केले तर? पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावणार! अंगणातल्या फूटभर छायाघटिकेवर काय आणि सम्राट यंत्रावर काय, कडेचा धूसरपणा वेळेच्या भाषेत सारखाच, दोन मिनिटांचा. दगड कितीही रचले तरी सूर्य लहान होत नाही.

यावर एक साधी युक्ती आहे. मी ती तेथल्याच एका भिंतीच्या सावलीवर करून पाहिली. तुम्ही इमारतीच्या सावलीवर करा. धूसर पट्ट्यात जमिनीपासून सेंटिमीटरभर उंचीवर एक बारीक काडी किंवा पेन्सिल सावलीच्या कडेला समांतर धरा. काडीची स्वतःची सावली स्पष्ट दिसेल. आता काडी हळूहळू काळोखाकडे न्या. तिची सावली फिकट होत होत एका ठिकाणी नाहीशी होते. तेथे सूर्याची शेवटची कोर झाकली गेली. ही जागा दर वेळी जवळपास तीच सापडते. सूर्याच्या मध्याची वेळ हवी असेल तर अर्ध्या तबकडीचा, म्हणजे सुमारे एका मिनिटाचा हिशेब करायचा. धूसर कड एकदा अशी पकडता आली, की मोठ्या यंत्रावरच्या बारीक खुणांचे सार्थक होते.

आता माझ्या भांडणाकडे वळतो. माझ्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. सम्राट यंत्र दाखवत होते १० वाजून ४९ मिनिटे. ४१ मिनिटांचा फरक! आदल्या रात्रीच फोनवरून मी घड्याळ लावून घेतले होते, तेव्हा त्याची चूक नव्हती. यंत्राचीही नव्हती.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जयपूरचे रेखांश ७५ अंश ४९ मिनिटे. फरक सुमारे ६.७ अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटे. म्हणून जयपूरला सूर्य प्रमाणवेळेच्या पावणेसत्तावीस मिनिटे मागे असतो. मुंबईला तो साडेअडतीस मिनिटे मागे असतो, पुण्याला साडेचौतीस, नागपूरला साडेतेरा. (१९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबई पुढे कित्येक वर्षे आपली ‘मुंबई वेळ’ धरून बसली होती, ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती.) राहिली चौदा मिनिटे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला. त्यामुळे सूर्य वर्षभर आपल्या घड्याळांइतका नियमित चालत नाही. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो चौदा मिनिटे मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे पुढे असतो. हेच चर्चासत्र नोव्हेंबरात भरले असते तर मला फरक जेमतेम दहा मिनिटांचा दिसला असता.

तेव्हा आदल्या दिवशी माझ्या घड्याळात नऊ वाजले, त्या वेळी सूर्याचे वाजले होते ८ वाजून १९ मिनिटे. माझ्या नियमात प्रमाणवेळ वापरल्याने दहा अंशांची चूक तेथेच झाली. हे गणित तर मी परीक्षेत घालत असतो! वर्गातला नियम आणि वर्गातले गणित यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

दुसरी चूक मला त्या तिरप्या कमानींनी दाखवली. जयसिंगांनी कमानी तिरप्या का केल्या? जमिनीवर आडवे वर्तुळ आखले असते तर बांधकाम किती सोपे झाले असते! पण सूर्याचा रोजचा मार्ग जमिनीला समांतर नसतो. तो विषुववृत्ताच्या प्रतलाला समांतर असतो. त्या प्रतलात सावली दर तासाला बरोबर १५ अंश फिरते. आडव्या जमिनीवर मात्र ती सकाळसंध्याकाळ रेंगाळते आणि मध्यान्हीच्या आसपास धावते. आणि मी काय करत होतो? घड्याळ आडवे धरून सूर्य जमिनीवर समान गतीने फिरतो असे गृहीत धरत होतो. ध्रुवावर उभे राहिलात तर हे अगदी खरे आहे, कारण तेथे जमीन आणि विषुववृत्ताचे प्रतल समांतर असतात. उत्तर युरोपात पुष्कळसे खरे. जसजसे दक्षिणेकडे यावे तसतसे खोटे. आदल्या दिवशी या कारणाने आणखी पाच अंश गेले होते. एकूण पंधरा.

पण बडी चौपडीवर तर ३० अंशांचा फरक होता. उरलेले पंधरा कोणाचे?

घड्याळात बारा वाजून गेले होते. सूर्य नेमका दक्षिणेला यायची वेळ आता मला ठाऊक होती: १२ वाजून ४१ मिनिटे. झपाझप चालत बडी चौपडीला परत आलो आणि जौहरी बाजाराच्या तोंडाशी एक सरळ उभा खांब शोधला. १२.४१ ला त्याची सावली खऱ्या उत्तरेकडे होती. रस्त्याची कड त्या सावलीशी जुळत नव्हती. रस्ता दक्षिणेपासून पश्चिमेकडे कललेला होता. किती? कोनमापक लावणे गर्दीत जमेना. मग वाट पाहत उभा राहिलो. सावली सरकत सरकत रस्त्याच्या कडेला समांतर झाली तेव्हा घड्याळात १ वाजून २० मिनिटांच्या आसपास झाले होते. सूर्य मध्यान्हीनंतर सुमारे चाळीस मिनिटे पुढे गेला होता. खोलीवर परतल्यावर गणित केले. फेब्रुवारीच्या त्या दिवसांत मध्यान्हीजवळ सूर्य जयपूरच्या क्षितिजावर इतक्या वेळात पंधराएक अंश सरकतो. कालचा चहावाला मात्र माझ्याकडे संशयाने पाहत होता.

म्हणजे रस्ता खरोखरच तिरपा आहे! सारे शहरच खऱ्या दिशांपासून सुमारे पंधरा अंश वळवलेले आहे. ही मोजणीतली चूक नव्हे. सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता जमिनीच्या एका नैसर्गिक उंचवट्याच्या माथ्यावरून नेला आहे, म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना आपोआप उतरते, असे नगररचनेचे अभ्यासक सांगतात. शहर जमिनीवर वसते. त्याला जमिनीचे ऐकावे लागते. त्याच माणसांनी त्याच शहराच्या मध्यभागी सम्राट यंत्राची भिंत मात्र अशी बांधली, की ती शेजारच्या रस्त्यांना जुमानत नाही, सरळ उत्तरेकडे पाहते.

घड्याळाची दक्षिण पंधरा अंश पूर्वेकडे चुकलेली आणि रस्ता पंधरा अंश पश्चिमेकडे कललेला. चुकलो होतो मी, आणि खोटे ठरवायला निघालो होतो विद्याधरांना.

परतीच्या गाडीत चर्चासत्राच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे मी साताऱ्याचे गणित मांडले. अक्षांश पावणेअठरा अंश, मे महिन्याचा मध्य, वेळ दुपारी चार. घड्याळाचा नियम म्हणतो, सूर्य दक्षिणेपासून पश्चिमेकडे ६० अंशांवर आहे. गणिताचे उत्तर आले १०० अंश. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, नव्हे, डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. दुपारी चारला तो पश्चिमेच्याही उत्तरेकडे झुकलेला असतो. नियमात आणि सूर्यात ४० अंशांची तफावत! मुलांनी घड्याळ अगदी बरोबर धरले होते. त्यांनी जिला दक्षिण मानले ती जवळजवळ नैर्ऋत्य होती, आणि नैर्ऋत्येला कोकणाचा उतार होता.

त्या गटातली एक विद्यार्थिनी आता एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरी पोचल्यावर तिला फोन केला, गणित सांगितले, आणि त्या दिवशी मी उगाच तुम्हांला दोष दिला असे म्हणालो. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘सर, मी गेली दोन वर्षे आठवीच्या मुलांना हाच नियम शिकवतेय.’

पुढच्या रविवारी तिने मुलांकडून जे करवून घेतले, ते तुम्हांलाही करता येईल. जाड पुठ्ठ्याची एक गोल तबकडी कापा. तिच्या दोन्ही बाजूंवर दर १५ अंशांवर रेघा काढा. दोन्हींकडच्या रेघा पाठीला पाठ लागून जुळल्या पाहिजेत. मध्यातून तबकडीला काटकोनात एक सरळ काडी आरपार घाला. आता काडी उत्तर-दक्षिण रेषेत ठेवून तिचे उत्तरेकडचे टोक आपल्या गावाच्या अक्षांशाएवढे उचला: पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस. तबकडी जवळजवळ उभी राहील. हे झाले तुमचे सम्राट यंत्र. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सावली तबकडीच्या दक्षिणेकडच्या बाजूवर पडेल, उरलेल्या सहा महिन्यांत उत्तरेकडच्या. विषुवदिनाच्या आसपास ती दोन्हींकडे जेमतेम दिसेल. असे का, हे तुम्हीच शोधा.

उत्तर-दक्षिण रेषा कशी आखायची? घड्याळावरून नको! सपाट जमिनीवर एक काठी उभी रोवा, तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला आत येताना शिवेल आणि दुपारनंतर बाहेर जाताना पुन्हा शिवेल. दोन्ही बिंदू जोडा. ती पूर्व-पश्चिम रेषा. तिच्यावरचा लंब म्हणजे उत्तर-दक्षिण. याला घड्याळ लागत नाही, प्रमाणवेळ लागत नाही, आणि मे महिन्यातही ही युक्ती चालते. तिच्या शाळेतल्या मुलांनी ती मैदानावर केली, तेव्हा शाळेच्या इमारतीची ‘पूर्वेची’ भिंत अकरा अंश चुकलेली निघाली. मुख्याध्यापकांना ते अजून पटलेले नाही. येत्या रविवारी ते स्वतः काठी रोवणार आहेत.